राखण

लग्नाच्या पंगतीत भाची माझ्या शेजारी बसली होती. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढून झाली होती. भाताची मूद पडली होती, वरण आलं होतं, तुपाचं भांडं अजून चार पानं लांब होतं. तिने डाव्या हाताने मोबाइल उचलला आणि उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला टेकवला. तिथे बाहीच्या काठाखाली एक पांढरी गोल चकती असते, दहाच्या नाण्याहून थोडी मोठी. मोबाइल बारीकसा थरथरला. समोरच्या ओळीत बसलेल्या एक आजी हे सगळं निरखत होत्या.

"काय गं, फोन दंडाला कशाला लावतेस?"

"शुगर बघतेय, आजी."

"अशी कळते होय? मग किती आहे?"

"एकशे बारा. पण बाण खाली आहे."

बाणाचं आजींना काय कळलं कोण जाणे, पण पोरीच्या आवाजातली घाई त्यांना बरोबर कळली. त्यांनी वाढप्याला हाक मारली, "अरे ए, जिलबी आधी इकडे आण. या पोरीला." आणि श्लोक म्हणायच्या आधी, वरणभाताच्याही आधी, भाचीने एक जिलबी खाल्ली.

तिला नवव्या वर्षी टाइप वन डायबिटीस झाला. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी शरीराच्याच संरक्षक यंत्रणेने नष्ट केल्या. तेव्हापासून बाहेरून इन्सुलिन टोचून घेतल्याशिवाय तिला जेवण नाही. हे इन्सुलिन जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घ्यायचं असतं, म्हणजे भाताची साखर रक्तात उतरेपर्यंत ते कामाला लागलेलं असतं. घरी हे जमतं. कुकरची शिट्टी ऐकून हिशेब करता येतो. पंगत मात्र घड्याळावर चालत नाही. व्याही बसायचे असतात, कुणाची तरी आत्या कपडे बदलायला गेलेली असते, नैवेद्य दाखवायचा असतो, फोटोवाला सगळ्यांना मान वर करायला सांगतो. तेवढ्या वेळात भूक मरते किंवा वाढते, इतकंच आपल्याला ठाऊक. तिच्या अंगात मात्र इन्सुलिन पानाची वाट न बघता आपलं काम करत असतं. सुई टोचून झाली की ते परत मागे घेता येत नाही.

एकशे बारा हा तसा कुणालाही हेवा वाटावा असा आकडा आहे. लॅबच्या रिपोर्टवर तो आला असता तर डॉक्टर हसून 'छान' म्हणाले असते. पण त्याच्या शेजारी सरळ खाली टोक केलेला बाण असेल, तर त्याचा अर्थ असा, की साखर दर मिनिटाला दोनपेक्षा जास्त अंकांनी घसरते आहे. पाव तासात ती ऐंशीवर, आणि तूप येईपर्यंत सत्तरच्या खाली. तिथून पुढे घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. तोच एकशे बारा आडव्या बाणाचा असता तर तिने मोबाइल पर्समध्ये टाकला असता आणि माझ्याशी नवरीच्या शालूबद्दल बोलली असती. आकड्याला असं पुढचं काही सांगता येतं, हे मला तिच्याकडूनच समजलं. आमच्या घरात डायबिटीस आधीपासून होता, पण तेव्हाच्या आकड्यांना फक्त मागचं माहीत असायचं.

माझ्या वडिलांना साखर निघाली तेव्हा आम्ही साताऱ्याला होतो. मोरीच्या फळीवर एक लाकडी स्टँड असे, त्यात दोन परीक्षानळ्या, शेजारी स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली. सकाळी उठल्यावर अण्णा पाच मिली द्रावण नळीत घेत, ते उकळत, ड्रॉपरने मोजून आठ थेंब लघवी टाकत आणि पुन्हा उकळत. मग नळी उजेडात धरून रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा आला तर थोडी, मग पिवळा, नारिंगी, आणि अगदीच वाईट दिवशी विटकरी. मला तेव्हा तो प्रयोग आवडायचा. शाळेतून आणलेल्या रंगीत खडूंनी मी कॅलेंडरवर त्या त्या तारखेला रंगाचा ठिपका देत असे. निळे ठिपके ओळीने आले की आई शिरा करायची. अण्णांच्या वाटणीचा थोडासा, बशीच्या कडेला.

त्या निळ्या रंगाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रक्तातली साखर साधारण एकशेऐंशीच्या वर गेली की मगच मूत्रपिंडं ती लघवीत सोडू लागतात. त्याखाली काहीही असलं तरी नळी निळीच राहते. एकशे साठ असो की पन्नास, रंग एकच. म्हणजे आम्ही ज्याला सगळ्यांत चांगला दिवस समजत होतो, त्यातले काही दिवस अण्णांसाठी सगळ्यांत धोक्याचे असणार. शिवाय सकाळच्या नळीतली लघवी रात्रभर साठलेली. तिने सांगितलेली गोष्ट काही तासांपूर्वी घडून गेलेली असायची. त्या शिळ्या बातमीवर इन्सुलिनचं प्रमाण ठरायचं. काचेची सिरिंज आणि सुई आई छोट्या पातेल्यात उकळायची. ते पातेलं दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, असा घरात दंडक होता.

शिळी का होईना, दिवसाची बातमी तरी असे. रात्रीची तर काहीच नसे. अण्णांची साखर झोपेत उतरायची. उतरली की ते उठून बसत, पण बोलत विचित्र. कधी चिडत, कधी नुसतेच एकटक बघत. कधी तेही नाही, नुसता घाम, आणि झोप इतकी गाढ की हलवलं तरी जाग येत नसे. आई त्यांच्या उजव्या बाजूला झोपायची आणि तिचा एक हात कायम त्यांच्या मानेजवळ असायचा. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर झोपणारा माणूस जसा झोपेतही कणसांची सळसळ ऐकतो, तशी ती झोपायची. कॉलरला ओल लागली की ती उठे. उशाशी साखरपाण्याचा तांब्या भरलेला असे, झाकण घालून, मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. डॉक्टर तीन महिन्यांनी भेटत, तेव्हा ते रिपोर्ट बघत. रात्री किती वेळा घाम आला, हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नसावं. रात्रीची जागरणं ही तिच्या लेखी सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

अखंड मोजणी ही कल्पना मात्र आमच्या त्या मोरीतल्या नळ्यांच्या आधीची आहे. 1962 साली अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी चॅम्प लायन्स यांच्या जोडीने एक निबंध लिहिला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णावर सतत लक्ष ठेवता यावं, म्हणून वापरायच्या विद्युत्‌अग्रांबद्दलचा तो निबंध. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एक विकर असतं, ते फक्त ग्लुकोजला ओळखतं आणि त्याच्याशी क्रिया घडवून आणतं. ते अग्रावर बसवलं तर साखरेचं माप विजेच्या भाषेत मिळेल, असं क्लार्कना सुचलं. भाचीच्या दंडावरच्या चकतीत आजही मूळ युक्ती तीच आहे. चकतीखाली केसासारखा बारीक, लवचीक तंतू असतो, तो कातडीखाली अर्धा सेंटिमीटर उतरतो. त्याच्यावर ते विकर. साखर जितकी जास्त, तितका जास्त प्रवाह, आणि हा प्रवाह इतका सूक्ष्म की तो मोजता येतो याचंच नवल वाटावं. विकरातले इलेक्ट्रॉन थेट अग्रापर्यंत पोचवण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञ ॲडम हेलर यांनी शोधली.

तरी क्लार्कपासून माणसाच्या अंगावर यायला या कल्पनेला 1999 उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं यंत्र फक्त तीन दिवस चालायचं आणि त्यातले आकडे अंगावर वागवणाऱ्याला दिसत नसत. यंत्र परत दिलं की डॉक्टर ते उघडून बघत. पुढे मनगटी घड्याळासारखं एक यंत्र निघालं, ते विजेच्या मंद प्रवाहाने कातडीतून द्रव ओढून घ्यायचं आणि त्याने कातडी चुरचुरायची, लाल व्हायची. ते टिकलं नाही. 2014 मध्ये युरोपात आलेल्या सेन्सरने चौदा दिवस दंडावर राहण्याची आणि बोट न टोचता आकडा दाखवण्याची सोय केली. नंतर ती आपल्याकडेही पोचली. पण मला सारखं वाटतं, या शोधातला खरा मोठा क्षण आकडे रुग्णाला दिसायला लागले तो असावा. तोवर आपलीच साखर, आपल्याच दंडात, आणि ती डॉक्टरांच्या टेबलावर उघडेपर्यंत आपल्याला बंद. आई त्या काळात असती तर तिने काय म्हटलं असतं?

भाची मला या चकतीच्या खोडीही सांगते. ही रक्तातली साखर मोजतच नाही, पेशींच्या मधल्या फटींतल्या पाण्यातली मोजते. रक्तातून तिथे साखर झिरपायला काही मिनिटं लागतात, म्हणून साखर भराभर बदलत असेल तेव्हा फोन अंगाच्या मागे असतो. अंग थरथरतंय आणि फोन नव्वद दाखवतोय, असं झालं तर अंगावर विश्वास ठेवायचा आणि बोट टोचून बघायचं. आणखी एक. झोपेत त्या दंडावर अंगाचा भार पडला, की तिथला द्रव दाबला जातो आणि साखर घसरलेली नसताना घसरलेली दिसते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, हे आता नुसत्या रेषेच्या आकारावरून ओळखता येतं. खरी घसरण उतारासारखी येते, दाबाची कड्यासारखी तुटते. वहिनी अंधारात जाते, पोरीला हलकेच कुशीवर वळवते आणि रेषा पुन्हा वर येते का ते बघत उभी राहते.

मला स्वतःला डायबिटीस निघाला तो पन्नाशीत, टाइप टू. ऐकलेल्या प्रत्येकाने एकच म्हटलं, "तुला? तू तर एवढी बारीक." पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्यभर याच कोड्याचा पाठलाग केला. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, बीएमआय, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी नऊ टक्के, याज्ञिकांच्या अंगात एकवीस. पुण्याजवळच्या खेड्यांमधली नवजात बाळंही त्यांनी मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे आठशे ग्रॅमने कमी. स्नायू कमी, सगळं कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दुष्काळी पोटातून आलेलं काहीतरी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलं आहे, असं ते वाचताना मला वाटलं. माझ्या आईच्या आईने '72च्या दुष्काळात सुकडी खाऊन काढलेले महिने माझ्या अंगात कुठेतरी नोंदले गेले असतील, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. तरी रिपोर्ट हातात घेऊन बसले असताना मला तिचीच आठवण आली.

डॉक्टरांनी मला एकदा चौदा दिवसांसाठी सेन्सर लावून बघा म्हटलं. गोळ्या बदलायच्या आधी तुमचा दिवस कसा जातो ते मला पाहू द्या, म्हणाले. 'तुमचा दिवस' हे त्यांचे शब्द मला आवडले. तोवर माझ्या दिवसाची विभागणी उपाशीपोटीची फास्टिंग आणि जेवणानंतरची पीपी अशी दोनच होती, आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा तो एक आकडा, जो प्रगतिपुस्तकासारखा हातात पडायचा. सात पूर्णांक आठ. त्यात कुठली जेवणं, कुठल्या काळज्या, कुठल्या रात्री मिसळल्या होत्या, काही कळत नसे. फक्त मान खाली जायची.

सेन्सरची रेषा पहिल्या दिवशी मी जवळजवळ वाचतच बसले. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी माझ्यासाठी काय करते ते मी पाहिलं. तासाभरात रेषा कडा चढून गेली आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळली. उपासाला पुण्य मानणारं आमचं घर, आणि वर्षानुवर्षं या दिवशी 'आज काही खाल्लं नाही' असं आम्ही एकमेकींना सांगत आलो. ज्वारीची भाकरी निर्धोक, हा आमचा दुसरा समज. एक भाकरी, वर पालेभाजी आणि घट्ट वरण असलं तर रेषा टेकाडासारखी अलगद वर येऊन उतरली. भुकेच्या भरात नुसत्या ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या तेव्हा पोळीइतकीच चढली. आधी उसळ आणि कोशिंबीर, भात शेवटी, असं पान उलटं जेवून पाहिलं, तर तोच भात निमूट बसला. हे माझ्या अंगाचं. शेजारच्या काकूंचं वेगळं निघेल, त्यांच्या नवऱ्याचं आणखी वेगळं. पण कुठलाही आहारतक्ता माझ्या स्वयंपाकघराशी इतक्या ओळखीने बोलला नव्हता.

शतपावलीचं तर मला अप्रूपच वाटलं. अण्णा जेवल्यावर अंगणात फेऱ्या घालत, कडुनिंबापासून फाटकापर्यंत आणि परत, आणि आम्ही मुलं त्यांच्या मागे. ते म्हातारपणाचं काहीतरी आहे असं वाटायचं. मी जेवून पंधरा मिनिटं गच्चीवर चालले आणि रेषेचं टोक ज्या उंचीवर जायचं त्याच्या बरंच खाली थांबलं. चालणाऱ्या पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. हे स्नायूंचं काम कुणी प्रयोगशाळेत शोधून काढायच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पायांना ठाऊक होतं. दुसऱ्या एका दिवशी मी काहीच खाल्लं नव्हतं, फक्त भावाशी घराच्या वाटणीवरून फोनवर बोलले होते. रेषा चढली. ती तशी चढते हे पुस्तकात आहे, ताणाची संप्रेरकं यकृतातून साखर सोडवतात. पण आपलं भांडण असं आलेखावर उमटलेलं बघताना मी फोन खाली ठेवला आणि भावाला परत लावला.

पण या चौदा दिवसांत मला सगळ्यांत जास्त हलवलं ते पहाटेने. रात्री आठला हलकं जेवून झोपले होते. झोपताना साखर उत्तम. पहाटे चारच्या सुमारास रेषा आपोआप वर निघाली आणि मी उठेपर्यंत चढत राहिली. मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. जागं व्हायच्या आधी शरीर आपली संप्रेरकं सोडतं, यकृत दिवसाच्या तयारीसाठी साखर बाहेर काढतं, आणि ज्याचं इन्सुलिन पुरं पडत नाही त्याच्या अंगात ती तशीच साठते. डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत सांगितलं. मी मात्र साताऱ्याच्या मोरीत पोचले होते. सकाळी नळी हिरवी आली की आई अण्णांकडे बघायची. "रात्री डबा उघडला होता ना?" रव्याच्या लाडवांचा डबा फडताळात वरच्या कप्प्यात असे. "नाही गं," अण्णा म्हणत. आई लाडू मोजायची. कधी एखादा कमी भरायचा, बहुधा तो माझा असायचा आणि मी गप्प राहायचे. मग त्यांच्यात दिवसभर अबोला. या एका हिरव्या रंगावरून त्या घरात किती सकाळी काळवंडल्या. कधी उघडलाही असेल त्यांनी डबा. पण प्रत्येक हिरव्या सकाळी नाही. त्यांच्याच यकृताने, ते गाढ झोपेत असताना, हे केलेलं असणार, आणि ते सांगणारी रेषा त्यांच्या बाजूने उभी राहायला घरात नव्हती.

साखरेच्या दुखण्यात माणसाला जितकं औषध मिळतं तितकाच दोष मिळतो, असं मला वाटत आलं आहे. हृदयविकाराच्या माणसाला बघायला जाणारे फळं नेतात. साखरेच्या माणसाच्या घरी लोक पानात काय आहे ते बघतात. म्हणून मी या यंत्राकडे उपकरण म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त बघते. ते तुमच्या वतीने सांगू शकतं, की आज मी काही चुकीचं वागले नाही, तरी हे घडलं.

हा साक्षीदार सगळ्यांना परवडत नाही, हे माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना गेली बरीच वर्षं साखर आहे. तपासणीच्या दिवशी त्या पहाटे उपाशी निघतात, सरकारी दवाखान्यात रांग लावतात, रक्त देतात, मग बाहेर चहावाल्याकडे पोहे खाऊन दोन तास बाकावर बसतात, पुन्हा रक्त देतात. तीन घरांचं काम बुडतं. हातात येतात दोन आकडे. माझ्या दंडावरची चकती बघून त्यांनी किंमत विचारली. चौदा दिवसांना काही हजार रुपये, म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही, कणीक मळू लागल्या. माझ्यासारख्या गोळ्यांवर असलेल्या बाईला वर्षातून एखाद्या वेळी ही रेषा दिसली तरी पुष्कळ. पण जी मुलं इन्सुलिनवर जगतात, दिवसातून चार-पाच वेळा टोचून घेतात, त्यांच्या दंडावर हे बारा महिने असायला हवं, आणि ते बापाच्या पगारावर अवलंबून असता कामा नये. या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे असं 2023 सालच्या मोठ्या सर्वेक्षणात निघालं. त्यात ही मुलं थोडी आहेत. थोडी आहेत म्हणूनच त्यांच्यापासून सुरुवात करणं अवघड जाऊ नये.

अशाच एका मुलाचे वडील, जॉन कॉस्टिक नावाचे एक गृहस्थ, अमेरिकेत आहेत. त्यांच्या मुलाला चौथ्या वर्षी टाइप वन निघाला. सेन्सर लावला, पण त्याचा आकडा फक्त मुलाजवळच्या छोट्या यंत्रावर दिसायचा. मूल बालवाडीत, बाप कामावर. 2013 मध्ये त्यांनी त्या यंत्रातला आकडा स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने इंटरनेटवर चढवला आणि आपल्या फोनवर बघायला लागले. त्यांचं पाहून इतर आईबाप आले, त्यातले काही संगणकाचे जाणकार, आणि सगळ्यांनी मिळून ते काम विनामूल्य सर्वांसाठी खुलं केलं. त्याचं नाव त्यांनी नाइटस्काउट, म्हणजे रात्रीचा टेहळ्या, असं ठेवलं. कंपन्यांनी स्वतःच्या सोयी नंतर आणल्या. कुठल्या कुठे राहणारी ही माणसं, पण नाव ठेवताना त्यांना आठवली ती रात्रच, हे वाचताना मला त्यांच्यात आमच्या घरचं कुणीतरी दिसत होतं.

वहिनीच्या फोनवरही आता लेकीची रेषा येते. भाचीचा नवा सेन्सर टेकवावा लागत नाही, आपणहून बोलतो, आकडा सत्तरच्या खाली गेला की दोघींचे फोन वाजतात. पहिली काही वर्षं वहिनी रात्री दोनला आणि पहाटे पाचला उठून पोरीचं बोट टोचत असे. आता ती झोपते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, हे मी पाहिलं आहे. पण दिवसा नवीनच काही सुरू झालं. ऑफिसात बसून तिला लेकीच्या कॉलेजातली दुपार दिसते. एकशे नव्वद आणि बाण वर, की फोन. "काय खाल्लंस?" मैत्रिणींच्या घोळक्यात वडापाव हातात असलेल्या मुलीला आईचा हा प्रश्न. ती फोन कट करते. मग मेसेज. मग रात्री जेवताना कुणीच बोलत नाही. भाऊ मला म्हणाला, "ताई, आकडा पूर्वी महिन्याने यायचा तेव्हा भांडणही महिन्याने व्हायचं."

मी दोघींच्याही बाजूने आहे. त्या मुलीचं वय आरशातसुद्धा कुणी डोकावू नये असं वाटण्याचं आहे, आणि तिच्या रक्ताची दर पाच मिनिटांची खबर दुसऱ्याच्या खिशात आहे. दुसरीकडे वहिनीने त्या पोरीला झोपेत आकडी आलेली पाहिली आहे. पहिल्याच वर्षी, एकदाच. तिने ते कधी पूर्ण सांगितलं नाही. त्या एका रात्रीपुढे लेकीच्या एकांताची मी तरी कशी काय बाजू घेऊ? भाची मला एकदा म्हणाली, "आत्या, मला शुगरची भीती वाटत नाही गं. आई घाबरेल याची वाटते. मग मी लो दिसायला लागले की आधी आईला मेसेज करते, आणि साखर नंतर खाते." हे ऐकल्यावर मी वहिनीशी बोलले. वहिनी बराच वेळ ओट्याशी उभी राहिली आणि मग म्हणाली, "तिला सांगा, आधी खा. मी वाट बघेन."

जूनमध्ये भाची पुण्याला हॉस्टेलवर जाते आहे. खोलीत आणखी दोन मुली, एक नांदेडची, एक पणजीची. त्या दोघींना सेन्सर काय, लो म्हणजे काय, ग्लुकोजची पूड कुठल्या कप्प्यात असते, आणि ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, हे सगळं ती स्वतः समजावणार आहे. त्यासाठी तिने वहीत मुद्दे काढले आहेत. आईबरोबर करार चालू आहे. तिचं म्हणणं, दिवसाची रेषा बंद. आईने ती उघडायची नाही, विचारायचं नाही, मी आपणहून सांगेन तेवढंच. रात्रीचा अलार्म आईकडे राहू दे. वहिनीला तो साठावर वाजणारा नको, ऐंशीवर वाजणारा हवा. लेक म्हणते ऐंशीवर ठेवलास तर तू रोज उठशील, आणि उठलीस की मला फोन करशील, आणि मग खोलीतल्या सगळ्याच जाग्या होतील. सत्तरवर येऊन दोघी थांबल्या आहेत. तो वाजला, आणि दहा मिनिटांत लेकीने काही कळवलं नाही, तर आधी कुणाला फोन करायचा, नांदेडच्या मुलीला की रेक्टरबाईंना, यावर अजून एकमत नाही. भाऊ म्हणतो, नांदेडची. वहिनी म्हणते, मी त्या मुलीला आधी भेटेन, मग ठरवेन.